सारसटोल्याचे नाव दुकान बदलते

सारसांची जोडी समोरच्या बांधीत (धानाच्या खाचरात) उभी होती. नकाशावर मात्र ती कुठेच नव्हती.

देवयानीने हातातल्या पाटीकडे (घडी घालता येणाऱ्या पातळ पडद्याकडे) पुन्हा एकदा पाहिले. पाटीत साठवलेल्या नकाशावर सावरीटोल्याचा तलाव दिसत होता, धानाच्या बांध्या दिसत होत्या, त्यांच्यावरून गेलेली विजेच्या तारांची रेघही दिसत होती. एरवी या नकाशावर सात लाल ठिपके हळूहळू सरकत असत. एक ठिपका म्हणजे एक सारस. आज ठिपका एकही नव्हता. तिने मान वर केली. शंभरेक पावलांवर, माणसाएवढे उंच ते दोन राखाडी पक्षी लाल डोकी खाली घालून निवांत चरत होते आणि त्यांच्या मधोमध त्यांचे तपकिरी पिल्लू पंख उघडून-मिटून पाहत होते.

"समोर तीन पक्षी आहेत," ढोकरी म्हणाली. "नकाशावर शून्य आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या कशा?"

ढोकरी ही सावरीटोल्याची राखणदार यंत्रबाई. पाय बारीक आणि लांब, पाण्यात तासन् तास न हलता उभी राहणारी, म्हणून लोकांनी तिला ढोकरीचे, म्हणजे तळ्याकाठच्या त्या बगळ्याचे नाव दिले होते. पक्षी मोजणे हे तिचे काम. मोजण्यात ती कधी चुकत नसे.

"तेच तर कळत नाही," देवयानी म्हणाली आणि बांधावरून घराकडे पळत सुटली.

सन २०५८ मधल्या कार्तिकातली ही गोष्ट. गोंदिया जिल्ह्यातल्या सावरीटोल्याला आसपासची गावे तेव्हा सारसटोलाच म्हणत. देवयानीची आई हेमलता रहांगडाले तिथल्या सारस राखण गटाची प्रमुख होती. गावातल्या प्रत्येक सारसाच्या, पिल्लाच्याही, पायात एक कडे (सूर्यप्रकाशावर चालणारे लहानसे संदेशयंत्र) होते. पक्षी कुठे आहे, चालतो आहे की उडतो आहे, हे ते कडे दर सेकंदाला गावातल्या संगणकाला कळवी. पक्षी उडत विजेच्या तारांकडे येऊ लागला की संगणक तारांवरचे दिवे उघडमिट करी. दिवे दिसले की पक्षी वळत. पातळशा तारा त्यांना दिसत नाहीत, दिवे दिसतात.

म्हणून ठिपके नाहीसे होणे ही साधी गोष्ट नव्हती. ठिपका नाही म्हणजे दिवा नाही. भाद्रपदात असेच चार तास ठिपके गेले होते, आणि त्याच चार तासांत एक वर्षाचा सारस तारेला धडकला होता. तो आता गोंदियाच्या उपचार केंद्रात होता. चालत होता, खात होता. उडणार मात्र नव्हता.

आबाजी, म्हणजे देवयानीच्या आईचे वडील, बंद पडलेल्या राइस मिलच्या शेडमध्ये आपल्या यंत्रांच्या पसाऱ्यात बसले होते. डॉक्टर हिरामण बिसेन असे त्यांचे नाव. तीस वर्षे त्यांनी संगणकांच्या जाळ्यांवर संशोधन केले होते. कोणी प्रश्न विचारला की उत्तर द्यायच्या आधी स्वतः एक प्रश्न विचारायची त्यांना खोड होती.

"कडी बिघडली असतील का?" देवयानीने विचारले.

"सातही एकाच मिनिटाला?"

देवयानीने विचार केला. "नाही. मग आपला संगणक बंद पडला असेल."

"तो हा काय, तुझ्या पाठीमागं. हात लावून पाहा."

तिने हात लावला. पेटी गरम होती, आतला पंखा फिरत होता. आबाजींनी एका कागदावर आकड्यांची लांबलचक ओळ लिहिली आणि तिच्याकडे सरकवली. "नकाशा उघडताना रोज तू काय लिहितेस?"

"सारसटोला डॉट भारत."

"आज त्याऐवजी हे आकडे लिही."

तिने एकेक आकडा पाहून लिहिला. क्षणभर पाटी कोरी राहिली आणि मग नकाशा उघडला. विजेच्या तारांची राखण करणाऱ्या, शेडला थेट जोडलेल्या दोन यंत्रांचे हिरवे ठिपके त्यावर होते. लाल ठिपके अजूनही नव्हते.

"संगणक चालू आहे, आपण आकड्यांनी तिथं पोचलो," देवयानी सावकाश म्हणाली. "पण कड्यांचे निरोप पोचत नाहीत. कारण कडी आकडे वापरत नाहीत. ती नाव वापरतात."

"आता योग्य वाटेवर आलीस," आबाजी म्हणाले. "नीट ऐक. जाळ्यातल्या प्रत्येक संगणकाला आकड्यांचा पत्ता असतो. माणसांना आकडे लक्षात राहत नाहीत आणि संगणक बदलला की आकडेही बदलतात. म्हणून आपण त्याला डोमेन नाव (आकड्यांच्या पत्त्याऐवजी वापरायचे सोपे, कायमचे नाव) घेतो. पण यंत्राला शेवटी आकडेच लागतात. मग कडं काय करतं? ते आधी नामसेवकाला (नाव सांगितल्यावर त्याचा आकडी पत्ता सांगणाऱ्या संगणकाला) विचारतं, की सारसटोला डॉट भारत कुठं आहे बाबा? तो आकडे सांगतो. कडं ते तासभर लक्षात ठेवतं, मग तासाच्या ठोक्याला सगळी कडी एकदमच पुन्हा विचारतात. आज विचारणाऱ्याला उत्तरच मिळत नाहीये."

"म्हणजे घर जागेवर आहे, पाहुणे निघालेत, पण रस्ता सांगणारा झोपलाय."

"झोपलाय. आणि तो रस्ता सांगणारा आपला नाही. झगमग नामकेंद्राचा आहे."

झगमग नामकेंद्र हे नाव देवयानीने आईच्या तोंडून ऐकले होते, आणि दर वेळी ते घेताना आईच्या कपाळाला आठी पडत असे. चार वर्षांपूर्वी गावाने आपले नाव त्यांच्याकडून घेतले होते. या महिन्यात त्यांचा नामसेवक तिसऱ्यांदा बंद पडला होता. आईने पाठवलेल्या पाच पत्रांना उत्तर नव्हते.

दुपारी ठिपके परत आले. तोवर आई आणि गटातल्या बाया पक्ष्यांना वळवायला आळीपाळीने तारांखाली उभ्या होत्या.

"आता पुरे झालं," रात्रीच्या जेवणाच्या वेळी आई म्हणाली. "पिल्लू पंधरा-वीस दिवसांत पहिलं उड्डाण करेल. पहिल्या उड्डाणाला त्याला वळताही येत नाही नीट. दिव्यांवर भरवसाच नसेल तर कसं चालेल? आपण नवीन नाव घेऊ, दुसरीकडून."

"नवीन नाव कड्यांना कोण सांगणार?" आबाजींनी विचारले.

कड्यांमध्ये नाव कायमचे कोरलेले होते. ते बदलायचे तर सातही पक्ष्यांना पुन्हा पकडावे लागले असते, आणि सारसाला पकडणे म्हणजे त्याचे पाय मोडायची जोखीम घेणे.

"मग नाव तेच ठेवायचं आणि दुकान बदलायचं," देवयानी म्हणाली. "असं करता येतं का?"

"काहून नाही येणार?" आबाजी म्हणाले. "त्यासाठीच तर नियम केलेत."

"पण नाव तर झगमगकडून घेतलं. ते त्यांचंच नाही का?"

आबाजींनी ताट बाजूला सारले. "आपली तलावाकडची बांधी कोणाच्या नावावर आहे?"

"आईच्या."

"आणि कसतं कोण?"

"यंदा बोपचेकाका."

"म्हणजे सातबाऱ्यावर मालक तुझी आई, कसणारे बोपचे. पुढच्या वर्षी दुसऱ्याला कसायला दिली तर बांधी उचलून न्यावी लागते का? नावाचंही तसंच. भारत या शब्दानं संपणाऱ्या सगळ्या नावांची एक महानोंदवही आहे. एकच. ती सांभाळणारी संस्था कोणालाही परस्पर नाव विकत नाही. तिनं काही नोंदणीदारांना (महानोंदवहीत लिहायची परवानगी असलेल्या संस्थांना) तो अधिकार दिलाय. आणि त्या नोंदणीदारांच्या हाताखाली रिसेलर, म्हणजे झगमगसारखे दुकानदार असतात. ते गिऱ्हाइकाशी बोलतात, त्याचं काम नोंदणीदाराकडून करून घेतात. अशी साखळी आहे. पण वहीत नावधारक म्हणून नोंद असते ती गिऱ्हाइकाचीच. दुकानदार फक्त सांभाळणारा."

"मग दुकान बदलताना हलतं काय?" देवयानीने विचारले. "नाव तेच राहणार. आपला संगणक याच शेडमध्ये राहणार. मग जातं काय, इकडून तिकडं?"

आबाजी हसले. "ते तूच मला सांग. काम झालं की."

दुसऱ्या दिवशी आईने साकोलीच्या चुलबंद नाम-सहकाराला फोन लावला. नावे सांभाळणारा हा सहकार पंधरा इंजिनियर बाया मिळून चालवत. त्यांचे दोन नामसेवक होते, एक साकोलीत आणि दुसरा थेट अकोल्यात. एक झोपला तर दुसरा उत्तर देणार. फोनवरच्या ताईंनी चार गोष्टी विचारल्या. नाव घेऊन साठ दिवस झालेत ना? नावाला कुलूप आहे का? स्थलांतराची किल्ली मिळाली का? आणि वहीत नावधारकाचा जो ईमेल आहे, तो कोण वाचतं?

साठ दिवस तर केव्हाच उलटून गेले होते. नावाला कुलूप मात्र होते.

"स्थलांतर-कुलूप (नाव दुसरीकडे नेण्यावर घातलेली बंदी) हे वाईट नव्हे," आबाजींनी समजावले. "नाहीतर कोणी भामटा तुझं नाव परस्पर घेऊन जाईल. पण ते उघडायची मुभा मालकाला असलीच पाहिजे."

झगमगच्या पानावर ते बटण शोधायला देवयानीला पाऊण तास लागला. 'सजावट' या विभागात, रंगांच्या यादीच्या तळाशी ते ठेवलेले होते. तिने कुलूप उघडले आणि लगेच किल्लीची मागणी नोंदवली. किल्ली (फक्त त्या एका नावासाठी तयार होणारे गुप्त अक्षर-अंक) मागितल्यापासून पाच दिवसांच्या आत नावधारकाच्या ईमेलवर देणे जुन्या दुकानाला बंधनकारक होते.

मग आईने नावधारकाची नोंद उघडली. तिथे नाव सारस राखण गटाचेच होते, पण संपर्क म्हणून नाव आणि ईमेल होता चिंतामण टेंभरे गुरुजींचा. गटाचे पहिले चिटणीस तेच. दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन ते मुलाकडे अमरावतीला गेले होते.

"आधी हे बदलते," आई म्हणाली. "माझा ईमेल घालते."

"थांब हेमा," आबाजी एकदम म्हणाले. आईचे बोट पडद्यापासून वीतभर अंतरावर थांबले. "नावधारकाची माहिती बदलली की साठ दिवस नाव हलवता येत नाही. चोरानं आधी माहिती बदलायची आणि मग नाव पळवायचं, असं होऊ नये म्हणून केलेला नियम आहे. माहिती नंतर बदलू. आधी गुरुजींना फोन लाव."

गुरुजींनी फोन उचलला तेव्हा ते नातवाला घेऊन बागेत होते. सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, "तो ईमेल मी वर्षभर उघडलेला नाही. पण उघडतो. सारसांसाठी एवढं करायला नको?"

किल्ली यायची वाट पाहण्यात दिवस जात होते. देवयानी शाळेतून आली की बांधावर जाई. पिल्लू आता पळता पळता उड्या मारू लागले होते. बांधावरून धावत यायचे, पंख पसरायचे आणि दोन हात वर जाऊन धपकन चिखलात बसायचे.

"आज एकोणीस उड्या," ढोकरी सांगे. "काल अकरा होत्या."

एका संध्याकाळी त्या उड्या पाहता पाहता देवयानीच्या मनात काहीतरी खटकले. ती आबाजींकडे गेली.

"आबाजी, नाव नव्या दुकानात गेलं तरी रस्ता सांगणारा जुनाच राहिला तर? बिघाड तर त्याच्यातच आहे. आणि झगमगवाल्यांनी गिऱ्हाईक गेलं म्हणून त्याच क्षणी आपल्या नोंदी पुसून टाकल्या तर? मग तर सगळाच अंधार."

"हे मी तुला उद्या सांगणार होतो," आबाजी म्हणाले. "माझं एक दिवसाचं काम वाचवलंस. आता उपाय सांग."

"नव्या नामसेवकाला आधीच सगळं शिकवून ठेवायचं. नाव पोचलं रे पोचलं की तो उत्तर द्यायला तयार पाहिजे."

"तसं आहे तर मग नुसता नामसेवकच बदलू ना, नाव तिथंच राहू दे," शेजारी बसलेली आई म्हणाली.

"चांगलं दुकान ते करू देतं," आबाजी म्हणाले. "झगमगनं ती खिडकीच ठेवलेली नाही. कालच पाहिलं मी. म्हणून देवूचा मार्गच बरोबर."

त्या संध्याकाळी दोघांनी बसून झगमगच्या नामसेवकातल्या नोंदी एकेक करून वहीत उतरवल्या. नकाशाचा पत्ता, कड्यांच्या निरोपांचा पत्ता, दिव्यांच्या आदेशांचा पत्ता, पत्रांचा पत्ता आणि अशाच आणखी पाच, एकूण नऊ. साकोलीच्या ताईंनी त्या आपल्या दोन्ही नामसेवकांत भरल्या आणि देवयानीला म्हणाल्या, "एकदा तूच तपास. मीही माणूसच आहे." तपासल्यावर दिव्यांच्या पत्त्यात एक आकडा उलटसुलट झालेला सापडला. तो देवयानीच्याच वहीत चुकला होता. ती ओशाळली, पण ताई म्हणाल्या, "आत्ता सापडला हे बरं. नंतर सापडला असता तर दिवे लागले नसते."

पाचव्या दिवशी गुरुजींचा फोन आला. किल्ली आली होती. ती चित्राच्या रूपात होती, ते पत्र पुढे पाठवायची सोयही नव्हती, वाचूनच सांगावी लागणार होती. गुरुजींनी चष्मा पुसला आणि एकेक अक्षर सावकाश सांगितले. देवयानीने लिहिले, आईने चुलबंदच्या पानावर भरले.

'किल्ली जुळत नाही', पडद्यावर आले.

पुन्हा भरली. पुन्हा तेच. खाली इशारा आला की तिसरा प्रयत्न चुकला तर ही किल्ली रद्द होईल आणि नवी मागावी लागेल. म्हणजे आणखी पाच दिवस.

"आता हात लावायचा नाही," आई म्हणाली.

देवयानीने कागदावरची अक्षरे निरखली. सात, घ, चार, मग म, क, नऊ. तिने फोन जवळ घेतला. "गुरुजी, दुसरं अक्षर घरातला घ आहे की धानातला ध?"

गुरुजींनी अक्षर पुन्हा पाहिले. "घच वाटतो आहे, बाळ. अक्षर वाकडंतिकडं काढलंय मुद्दाम."

"डोक्यावरची रेघ पाहा ना. तुम्हीच शिकवलं होतं आम्हाला तिसरीत. घची रेघ सलग असते आणि धच्या डोक्यावर आधी वळसा असतो, रेघ नंतर सुरू होते."

"थांब, भिंग आणतो."

घड्याळाचा काटा सरकत होता. आई उभीच होती. मग गुरुजींचा आवाज आला. "वळसा आहे. ध आहे. धानातला ध. चाळीस वर्षं मुलांना शिकवलं मी हे."

आईने ध लिहिला आणि बटण दाबले. 'किल्ली जुळली. स्थलांतराची विनंती पुढे पाठवली आहे.'

आता आणखी पाच दिवस. या काळात जुन्या नोंदणीदाराला हरकत घेता येत होती. पण कारणे ठरलेली होती. विनंती खोटी असेल, नावावर वाद चालू असेल, न्यायालयाने थांबवले असेल, मागचे देणे राहिले असेल, अशी काही. गिऱ्हाईक सोडून चालले याचे वाईट वाटते, हे कारण त्या यादीत नव्हते. काहीच हरकत आली नाही तर पाच दिवसांनी नाव आपोआप जाणार होते.

"म्हणजे आता काहीच करायचं नाही?" ढोकरीने विचारले.

"काहीच करायचं नाही. तेच अवघड आहे," आबाजी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी झगमगचा नामसेवक पुन्हा झोपला. शाळा सुटल्यावर देवयानी थेट तारांखाली गेली. आई आधीच तिथे होती, हातात लाल लुगडे बांधलेला बांबू घेऊन. दोघी अंधार पडेपर्यंत बांधावरून फेऱ्या मारत राहिल्या. पिल्लाने त्या दिवशी तीनदा हवेत झेप घेतली. एकदा तर ते बारा-पंधरा हात तारांच्या दिशेने गेले, आणि आईने बांबू वर करून एवढ्या जोरात हालवला की ती स्वतःच चिखलात बसली. पिल्लू वळले नाही, पण दमून खाली उतरले. देवयानीने आईला हात देऊन उठवले.

चौथ्या दिवशी सकाळी गुरुजींचा फोन आला. "देवयानी, झगमगचं एक पत्र आलंय. मोठं हिरवं बटण आहे. त्यावर लिहिलंय, 'माझे नाव सुरक्षित ठेवा'. चांगलंच काम दिसतंय. दाबू ना?"

"दाबू नका गुरुजी. खाली काही बारीक अक्षरांत लिहिलंय का?"

गुरुजींनी पुन्हा भिंग आणले. "'हे बटण दाबल्यास स्थलांतराची विनंती रद्द होईल.' अरे वा. आणि त्याखाली आणखी बारीक, 'स्थलांतर मान्य असल्यास काहीही करू नये'."

"मग आपण काहीही करायचं नाही."

"नाही करत," गुरुजी म्हणाले. "तुला विचारलं ते बरं झालं. मला वाटलं होतं, विचारायची काय गरज."

सहाव्या दिवशी सकाळी सव्वासहाला सगळे शेडमध्ये जमले. देवयानीने पाटीवर नकाशा उघडून ठेवला होता. सात लाल ठिपके तलावाच्या काठाने सरकत होते. सहा वीसला चुलबंदकडून निरोप आला, 'नाव पोचले. नामसेवक बदलले.' सात वाजता कडी पुन्हा रस्ता विचारणार होती; तोवर आणि त्यानंतरही देवयानी डोळे ताणून पाहत राहिली. ठिपके सरकत होते. एकही विझला नाही की अडखळला नाही.

"काहीच झालं नाही," ढोकरी म्हणाली. "आधी सात. आता सात."

"हेच व्हायला हवं होतं," आबाजी म्हणाले आणि देवयानीकडे वळले. "आता माझं उत्तर. काय गेलं इकडून तिकडं?"

देवयानी हे उत्तर पाच दिवस मनात घोळवत होती. "नाव गेलं नाही. ते महानोंदवहीत होतं तिथंच आहे. आपला संगणक इथंच आहे. फक्त वहीतल्या दोन ओळी बदलल्या. सांभाळणारा कोण, ती एक. आणि रस्ता कोणाला विचारायचा, ती दुसरी. नावधारकाची ओळ बदलली नाही, कारण नाव पहिल्यापासून आपलंच होतं."

आबाजींनी मान डोलावली. आईने देवयानीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच राहू दिला.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी पिल्लू उडाले. सकाळचे धुके नुकतेच विरत होते. ते बांधावरून धावत आले, पंख पसरले, आणि या वेळी खाली आलेच नाही. तलावावरून एक वेडावाकडा फेरा मारून ते थेट तारांकडे निघाले. देवयानी ढोकरीच्या शेजारी उभी होती. तिच्या हातात बांबू नव्हता, लाल लुगडे नव्हते. तारांवरचा पहिला दिवा लागला, मग दुसरा, मग सगळी रांग उघडमिट करू लागली. पिल्लाने मान वर केली, पंख कलते केले आणि कसेबसे, एका बाजूला झुकत, ते तारांच्या वरून पलीकडे गेले. पलीकडच्या बांधीतून त्याच्या आईबापांनी एकदम साद घातली. त्या आवाजाने अख्खा टोला जागा झाला.

आठवडाभराने दुपारी एक अनोळखी फोन आला. आई बांधीत होती, म्हणून देवयानीने घेतला. पलीकडे एक तरुण बाई बोलत होत्या.

"मी झगमग नामकेंद्रातून पल्लवी. या महिन्यात आमच्याकडून एकतीस नावं दुसरीकडं गेली. का गेली ते विचारायचं काम मला दिलंय. आत्तापर्यंत कोणी नीट सांगितलं नाही. तुम्ही सांगाल का?"

देवयानी आधी गडबडली. मग खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "लिहून घ्या. तुमचा नामसेवक एकच आहे. दोन ठेवा, आणि दुसरा वेगळ्या गावात ठेवा. कुलपाचं बटण रंगांच्या यादीत लपवू नका. पत्रांना उत्तरं द्या. आणि ते हिरवं बटण काढून टाका."

पलीकडून लिहिल्याचा आवाज येत होता. "हे सगळं केलं तर परत याल?"

"साठ दिवस तर येता येत नाही, नियम आहे," देवयानी म्हणाली. "नंतरचं आई ठरवेल. पण अर्जुनीकडच्या दोन गावांची नावं अजून तुमच्याकडं आहेत. तिथली पिल्लं उशिरा जन्मलीत, अजून उडायची आहेत. त्यांच्यासाठी आधी करा."

"पिल्लं?" पल्लवीताईंनी विचारले. "कसली पिल्लं?"

मग देवयानीने त्यांना सगळे सांगितले. कडी, ठिपके, दिवे, भाद्रपदातला तो सारस. आपल्या नामसेवकाला रोज कोण काय विचारते, हे पल्लवीताईंना कोणी कधी सांगितलेच नव्हते.

पौषातल्या एका सकाळी आबाजींच्या यंत्रापाशी बसून देवयानीने अर्जुनीकडच्या एका गावाचे नाव लिहिले आणि त्याचा रस्ता विचारून पाहिला. झगमगकडून उत्तर आले. पाठोपाठ त्यांनी वेगळ्या गावात नव्याने ठेवलेल्या दुसऱ्या नामसेवकाकडूनही तेच उत्तर आले.